आधी भाकर, मग प्रश्न: वाचकांची पत्रं आणि उत्तरं

जय ख्रिस्त वाचकहो. या महिन्यात पत्रं भरपूर आली, मेसेज त्याहून जास्त. सगळ्यांना जागा देता येत नाही, पण बऱ्याच पत्रांत एकच दुखणं दिसलं, की कुणीतरी पवित्र शास्त्रातल्या एखाद्या माणसाचं नाव घेऊन आपल्याला कमी लेखलं. एलीयासारखी प्रार्थना कर, हन्नासारखा विश्वास ठेव, मार्थासारखी होऊ नकोस. मला याचा खरंच त्रास होतो, कारण ज्यांचं नाव घेतात त्यांची पूरी गोष्ट कुणी वाचत नाही. म्हणून यावेळी तीच पत्रं घेतली आहेत.

प्रश्न : ताई, जय ख्रिस्त. आई जाऊन वर्ष होत आलं. आजारपणात खूप प्रार्थना केली, उपास केले, तरी गेली. तेव्हापासून रात्री झोप नाही, उपासनेला जावंसं वाटत नाही, प्रार्थनेला बसलो की शब्दच येत नाहीत. कधीकधी वाटतं आता पुरे झालं. आमच्या प्रार्थना गटातले एक काका म्हणाले तुझा विश्वास कमी पडला, एलीयाकडे बघ, त्याने प्रार्थना केली आणि पाऊस पडला. तेव्हापासून गटात जाणंच सोडलंय. माझं चुकतंय का? (संगमनेरजवळून एक तरुण)

दादा, तुझं काहीच चुकत नाहीये. आणि त्या काकांनी एलीयाचं नाव काढलंच आहे तर आपण एलीया संदेष्ट्याकडेच बघू, फक्त त्यांनी जिथे पुस्तक मिटलं तिथून एक पान पुढे.

पाऊस पडला तो 1 राजेच्या 18व्या अध्यायात. कर्मेल डोंगर, समोर बआल नावाच्या दुसऱ्या दैवताचे 450 संदेष्टे, स्वर्गातून पडलेला अग्नी, मग समुद्रावरून आलेला तळहाताएवढा ढग आणि धो धो पाऊस. हा भाग प्रवचनात सगळ्यांना आवडतो. पण 19वा अध्याय उघड. ईजबेल राणीने जीव घेण्याची धमकी पाठवली आणि हाच एलीया पळत सुटला, थेट देशाच्या दक्षिण टोकाला बैर-शेब्याला. तिथे त्याने आपल्या चाकराला मागे ठेवलं आणि एकटाच रानात एक दिवसाची वाट चालून गेला. हे चाकराला मागे ठेवणं मला फार खरं वाटतं, माणूस आतून संपत आला की पहिलं हेच करतो, सोबतच्या माणसाला सोडून देतो. मग तो एका रतामाच्या झुडपाखाली बसला आणि देवाला म्हणाला की आता पुरे झालं, माझा जीव घे, मी माझ्या वाडवडिलांपेक्षा काही चांगला नाही. बघ दादा, तुझेच शब्द आहेत. आणि असं म्हणून तो झोपला.

आता देवाने काय केलं ते नीट वाच, कारण इथेच आपले लोक चुकतात. देव रागावला नाही. काल तर एवढा मोठा चमत्कार बघितलास आणि आज असा का, हेही विचारलं नाही. दूत आला, त्याने त्याला हात लावला आणि म्हणाला, ऊठ, खा. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर होती आणि पाणी होतं. त्याने खाल्लं, प्यायला आणि परत झोपला. झोपू दिलं त्याला! दूत दुसऱ्यांदा आला, परत हात लावून उठवलं, परत म्हणाला खा, पुढची वाट तुला झेपणारी नाही. बस एवढंच. मग त्या अन्नाच्या जोरावर तो 40 दिवस 40 रात्री चालून होरेब डोंगराला पोचला.

प्रश्न विचारला गेला तो तिथे, इतक्या दिवसांनी. एलीया, तू इथे काय करतोयस? त्याने आपलं सगळं गाऱ्हाणं मांडलं, की मी एवढं केलं आणि आता मी एकटाच उरलोय. मग वादळ आलं, भूकंप आला, अग्नी आला, देव त्या कशातच नव्हता, नंतर एक मंद शांत आवाज आला आणि परत तोच प्रश्न. एलीयाने परत तेच गाऱ्हाणं सांगितलं, शब्दही तेच. हे तू आत्ताच बोललास असं देव म्हणाला नाही, दोन्ही वेळा ऐकून घेतलं. आणि त्यानंतर काम दिलं, सोबतीला अलीशा दिला, आणि सांगितलं की तू एकटा नाहीस, बआलापुढे गुडघे न टेकलेले 7000 लोक मी राखून ठेवलेत.

याकोबाच्या पत्रात (5:17) एलीयाच्या प्रार्थनेची आठवण आहे, काका बहुतेक तीच सांगत असतील, पण त्याच वचनाची सुरुवात अशी आहे की एलीया आपल्यासारख्याच स्वभावाचा माणूस होता. ते आधी वाचायचं, मग पाऊस.

आता कामाचं बोलते. वर्षभर झोप नाही आणि आता पुरे वाटतंय, हे डॉक्टरला दाखवायलाच हवं, त्यात विश्वास कमी होण्याचा काहीही संबंध नाही. एलीयाला देवाने आधी झोप आणि अन्न दिलं, म्हणजे शरीराची काळजी ही देवाचीच रीत आहे. तालुक्याला किंवा जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात मानसोपचाराची चौकशी कर. जीव नकोसा वाटला तर त्याच क्षणी 14416 ला फोन लाव, टेलि-मानस ही सरकारची फुकट सेवा आहे, मराठीत बोलतात. आणि एक माणूस जवळ ठेव, चाकराला बैर-शेब्याला सोडू नकोस. शब्द येत नसतील तर नुसता बस, किंवा 88वं स्तोत्र मोठ्याने वाच. त्या स्तोत्राचा शेवटसुद्धा अंधारातच होतो, आणि तरी ते शास्त्रात आहे.

प्रश्न : आमच्या मंडळीत एका घरी तरुण मुलगा अपघातात गेला. भेटायला जायचंय पण काय बोलावं सुचत नाही, कोणतं वचन वाचावं? (सोलापूरहून एक वडीलधारे वाचक)

काका, वचन खिशात राहू द्या. ईयोब हा भला माणूस, मुलं, संपत्ती, तब्येत सगळं गमावून बसलेला. त्याचे तीन मित्र, अलीफज, बिल्दद आणि सोफर, लांबून भेटायला आले, त्याला ओळखताही येईना इतकी त्याची दशा झालेली, तेव्हा ते मोठ्याने रडले आणि त्याच्याजवळ 7 दिवस 7 रात्री जमिनीवर बसून राहिले, एक शब्दही न बोलता. त्यांच्या हातून घडलेली सगळ्यात चांगली गोष्ट हीच. बिघडलं ते तोंड उघडल्यावर. तू पाप केलं असशील, देव उगाच कुणाला शिक्षा करत नाही, असं पानामागून पान बोलत राहिले. आणि शेवटच्या अध्यायात देवाने अलीफजला स्पष्ट सांगितलं की माझा राग तुम्हा तिघांवर पेटलाय, माझ्याविषयी माझा सेवक ईयोब जसं ठीक बोलला तसं तुम्ही बोलला नाहीत. देवाशी भांडणारा ईयोब ठीक बोलला आणि देवाची बाजू घेणारे चुकले! मी जेव्हा जेव्हा हे वाचते तेव्हा अंगावर काटा येतो.

तेव्हा जा, बसा, रडू आलं तर रडा. देवाने बोलावलं, देवाची योजना होती, हे त्या आईला बोलू नका. डबा घेऊन जा, आणि पंधरा दिवसांनी परत जा, कारण पहिल्या आठवड्यात सगळेच येतात.

प्रश्न : लग्नाला आठ वर्षं झाली, मूल नाही. प्रत्येक सभेत मला पुढे बोलावून डोक्यावर हात ठेवतात आणि म्हणतात हन्नासारखी प्रार्थना कर, पुढच्या वर्षी कडेवर शमुवेल असेल. पुढचं वर्ष येतं आणि जातं. आता मला हन्नाची गोष्टच ऐकवत नाही. (पिंपरीहून एक बहीण)

माझ्या बहिणी, तुझं पत्र मी दोनदा वाचलं. तुला ती गोष्ट ऐकवत नाही याचं कारण हन्ना नाही, तिची गोष्ट अर्धी सांगणारे आहेत.

हन्नाच्या आजूबाजूला कोण होतं बघ. सवत पनिन्ना, जी दरवर्षी शिलोला देवाच्या घरी जाताना तिला टोचायची, म्हणजे नेमकं सणाच्या दिवशी, देवळाच्या वाटेवर. नवरा एलकाना, प्रेमळ, पण म्हणतो काय, तर तू का रडतेस, मी तुला दहा मुलांपेक्षा जास्त नाही का? बिचाऱ्याचा हेतू चांगला पण तिला काय वाटतंय हे त्याने विचारलंच नाही. आणि तिसरा याजक एली. ही मनातल्या मनात प्रार्थना करतेय, ओठ हलतायत, आवाज नाही, आणि तो दारात बसून बघून म्हणतो, किती वेळ अशी नशेत राहणार, दारू सोड. देवाच्या घरात देवाच्या माणसाने तिला दारुडी ठरवलं!

पण हन्ना गप्प बसली नाही. ती म्हणाली, नाही स्वामी, मी दुःखी मनाची बाई आहे, मी प्यायलेली नाही, मी देवापुढे माझं मन मोकळं केलंय, मला वाईट बाई समजू नका. मला हन्नातलं सगळ्यात जास्त काय आवडत असेल तर हे. आणि एलीचंही एक चांगलं, की त्याने आपलं म्हणणं रेटलं नाही, लगेच तिला शांतीने जा म्हणून आशीर्वाद दिला.

मग पुढची ओळ आहे, जी कुणी सांगत नाही. ती गेली, जेवली आणि तिचा चेहरा उदास राहिला नाही. ज्या बाईला घास गिळत नव्हता ती जेवली. तेव्हा पोटात मूल नव्हतं, सवत तिथेच होती, घरी परत तेच जगणं होतं. फक्त तिने मन ओतून टाकलं होतं आणि कुणीतरी शेवटी तिचं ऐकून घेतलं होतं. शमुवेल नंतर आला. तुझ्या घरी शमुवेल येईल की नाही हे मी सांगू शकत नाही आणि ते सभेतले लोकही सांगू शकत नाहीत, त्यांनी तारखा देऊ नयेत. पौलाने आपल्या शरीरातला काटा काढावा म्हणून तीनदा विनंती केली, तो काढला गेला नाही, त्याऐवजी माझी कृपा तुला पुरे आहे असं उत्तर मिळालं, आणि पौलाचा विश्वास कमी होता असं आजवर कुणी म्हटलेलं नाही.

पुढच्या वेळी पुढे बोलावलं तर नाही म्हण. पाळकांना बाजूला घेऊन सांग की माझ्यासाठी प्रार्थना करा पण सगळ्यांसमोर नको. डॉक्टरकडे जात असाल तर दोघांनी तपासण्या करा, आपल्याकडे बाईच्याच तपासण्या होत राहतात आणि नवऱ्याची साधी एक टेस्ट राहून जाते. दत्तक घ्यायचं मनात असेल तर तेही पूर्ण मनाने, फारोच्या मुलीने मोशेला आपला मुलगा म्हणून वाढवलं होतं.

प्रश्न : नाताळ असो, ईस्टर असो की कापणीचा सण, चर्चच्या मागे चूल पेटली की मी तिथेच. प्रवचन कधी पूर्ण ऐकलेलं नाही. आणि वर प्रवचनात ऐकू काय येतं तर मार्था होऊ नका, मरीया व्हा. मग जेवायला सगळे पहिल्या पंगतीला! (नगरहून एक काकू)

काकू, तुमचा राग रास्त आहे.

लूकच्या 10व्या अध्यायात प्रभू घरी आलेला, मरीया त्याच्या पायाशी बसून ऐकतेय आणि तिची बहीण मार्था एकटी कामात. तिने तक्रार केली तेव्हाही प्रभू तिला स्वयंपाक सोड असं म्हणालेला नाही. तो म्हणाला, मार्था, मार्था, तू पुष्कळ गोष्टींची काळजी आणि दगदग करतेस. दोनदा नाव घेऊन, जसं आपण माहेरच्या माणसाला हाक मारतो तसं. आणि तिची गोष्ट तिथे संपत नाही. योहानाच्या 11व्या अध्यायात त्यांचा भाऊ लाजर मेल्यावर प्रभू गावाबाहेर आल्याचं कळताच उठून सामोरी गेली ती मार्था, आणि तू ख्रिस्त, देवाचा पुत्र आहेस अशी कबुली तिने दिली, भाऊ अजून कबरेत असताना. पेत्राच्या तशाच कबुलीवर किती प्रवचनं होतात, मार्थाच्या कबुलीवर तुम्ही किती ऐकली? आणि 12व्या अध्यायात परत बेथानीत जेवण, आणि लिहिलंय की मार्था वाढत होती. म्हणजे काम तिने सोडलं नाही, आणि यावेळी तिला कुणी बोललंही नाही.

आता खरी गोष्ट. प्रेषितांची कृत्ये 6 उघडा. पहिल्या मंडळीत विधवांच्या रोजच्या वाटपावरून कुरकुर झाली तेव्हा पंगतीच्या सेवेसाठी 7 जण निवडले गेले, स्तेफन, फिलिप्प वगैरे, सातही पुरुष. हे वचन चर्चच्या पंचायतीच्या पुढच्या मीटिंगमध्ये वाचा, शांतपणे, आणि म्हणा की या नाताळला भांडी आणि वाढप तरुण संघाच्या आणि पुरुषांच्या अंगावर. आणि त्या दिवशी तुम्ही पुढच्या बाकावर बसा, चुलीकडे बघूही नका.

प्रश्न : आमच्या तरुण संघाने वस्तीत अन्नवाटप सुरू केलं तर काही जण म्हणतात आधी वचन सांगा, मग जेवण द्या, नाहीतर उपयोग काय? (मुंबईहून)

आधी जेवण, आणि त्याला कसलीही अट लावू नका. याइराची 12 वर्षांची मुलगी मेलेली उठली तेव्हा सगळे थक्क होऊन उभे आणि प्रभू म्हणतोय तिला काहीतरी खायला द्या. पाच हजारांना जेवू घातलं तेव्हाही आधी कुणाचा विश्वास तपासला नव्हता. तुम्ही भाकरीसाठी मला शोधता हे त्याने लोकांना तोंडावर सांगितलं, पण दुसऱ्या दिवशी, पोटं भरल्यावर.

आपल्याच मातीतलं बघायचं तर पंडिता रमाबाई. त्यांनी स्वतः मुलगी असताना दुष्काळात आईवडील गमावले होते, उपासमार काय असते हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि भुकेने मरायला टेकलेल्या मुली आणि विधवा घेऊन आल्या, पुढे दौंडजवळ केडगावला त्यांचं मुक्ती मिशन उभं राहिलं. अन्न, औषध, शाळा, शेती, विणकाम, छापखाना, सगळं तिथे. आणि त्याच बाईने मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळं पवित्र शास्त्र साध्या मराठीत आणलं, 1922 मध्ये जाईपर्यंत तेच काम चालू होतं. वचन आणि भाकर यांत तिला भांडण दिसलं नाही. तुम्हीही लावू नका.

प्रश्न : मी पुण्यात आयटीत आहे. आडनावावरून कळत नाही की मी ख्रिश्चन आहे. कॅन्टीनमध्ये एकजण म्हणाला हे लोक तांदळाच्या पोत्यासाठी धर्म बदलतात, सगळे हसले आणि मीही हसलो. त्यानंतर रविवारी प्रभुभोजन घ्यायला हात पुढे झाला नाही. मी पेत्रासारखा नाकारणारा झालो का? (हडपसरहून)

बाळा, हो, पेत्रासारखंच झालं. पण मग पेत्रासारखं पुढचंही होऊ दे.

प्रभूला पकडून नेलं त्या रात्री पेत्र अंगणात कोळशाच्या विस्तवाशी शेकत उभा होता, त्याला विचारणारी कोण तर एक दासी, सैनिक नाही की राजा नाही. त्याची गालीली बोली त्याला लपू देईना तरी तो शपथा घेऊन म्हणाला मी त्या माणसाला ओळखत नाही. कोंबडा आरवला, प्रभूने वळून त्याच्याकडे पाहिलं, आणि तो बाहेर जाऊन ढसाढसा रडला. पण हे होण्याआधीच, त्याच रात्री जेवताना प्रभू त्याला म्हणालेला होता की तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी तुझ्यासाठी विनंती केलीय, आणि तू वळलास की आपल्या भावांना स्थिर कर. पडण्याआधीच उठल्यावरचं काम ठरलेलं होतं. आणि मार्कात पुनरुत्थानाच्या सकाळी कबरेपाशी निरोप काय मिळतो, त्याच्या शिष्यांना आणि पेत्राला सांगा. वेगळं नाव घेऊन. नाहीतर पेत्राला वाटलं असतं शिष्यांत आता मी नाही.

नंतर तिबिर्या सरोवराच्या किनाऱ्यावर रात्रभर जाळी टाकून हात रिकामे, पहाटे किनाऱ्यावर प्रभू उभा, आणि तिथेही कोळशाचा विस्तव, त्यावर मासळी आणि भाकर. पेत्राला त्या विस्तवाकडे बघून काय आठवलं असेल सांगायला नको. आणि प्रभू म्हणतो, या, न्याहारी करा. जाळ्यात 153 मोठे मासे, तरी त्याने स्वतःच्या हाताने भाकर घेऊन त्यांना दिली. सगळ्यांची न्याहारी झाल्यावर मग विचारलं, शिमोना, तू माझ्यावर प्रीती करतोस का? तीन वेळा, कारण नाकारलंही तीन वेळा होतं. तिसऱ्यांदा विचारल्यावर पेत्राला वाईट वाटलं, ते वाटायलाच हवं होतं. पण प्रत्येक उत्तरानंतर काम मिळालं, माझी मेंढरं चार, माझी मेंढरं पाळ. का नाकारलंस, हा प्रश्न त्याला एकदाही विचारला नाही.

म्हणून येत्या रविवारी प्रभुभोजन घे. लांब राहून तू पेत्राला किनाऱ्याऐवजी अंगणातच उभं ठेवतोयस.

ऑफिसमध्ये एकदम सगळ्यांसमोर उभं राहून जाहीर करायची गरज नाही, नोकरीचं वातावरण कसं आहे ते तुला जास्त कळतं. टीममधला जो सगळ्यात जवळचा आहे त्याला चहाला घेऊन जा आणि सांग की मी ख्रिश्चन आहे, त्या दिवशी मी हसलो पण मला लागलं होतं. आजोबा-पणजोबा का ख्रिस्ती झाले हे माहीत नसेल तर घरी विचारून घे, आपल्या बहुतेक घरांत ती साक्ष कुणी ना कुणी सांगणारं असतं, आणि त्यात तांदळाच्या पोत्यापेक्षा बरंच काही निघेल. आणि निघालंच तांदळाचं पोतं, दुष्काळातलं, तरी लाज कसली, भुकेल्या घराला कुणीतरी जेवू घातलं यात लपवण्यासारखं काय आहे? नाताळ आलाच आहे, आईला करंज्या आणि चकल्या जरा जास्त करायला सांग आणि डबा ऑफिसला ने. दिवाळी तर होऊन गेली, हे कशाचं, असं कुणीतरी विचारेलच, तेव्हा सांग, आमच्याकडे नाताळला करतात.